देवळात ठेवलेलं मत

आमच्या गावात मशीन शाळेत असतं, बोटाला शाई शाळेत लागते, पोलीसही शाळेच्याच दारात खुर्ची टाकून बसतो. पण मत कुणाला द्यायचं ते त्याआधीच ग्रामदेवीच्या देवळात ठरलेलं असतं. गावकी बसते, देवीपुढे नारळ ठेवला जातो, गुरव गाऱ्हाणं घालतो, आणि मग प्रत्येक घरातला एक पुरुष पुढे येऊन त्या नारळावर हात ठेवतो. त्याने हात ठेवला की घर बांधलं गेलं. घरात बायका किती, म्हातारी माणसं किती, त्यांच्या मनात काय, हे विचारायची पद्धत नाही.

हे पूर्वीपासून असंच होतं असं नाही. मी लहान असताना नारळ ठेवत ते बांधाच्या भांडणात, नाहीतर चोरीच्या संशयात. मतदान ही ज्याची त्याची गोष्ट होती. माझे वडील मुंबईहून मतदानासाठी कधी आलेही नाहीत. शिमग्याला आणि गणपतीला येत, तेवढंच. मतदानाला चाकरमान्यांच्या गाड्या भरभरून येऊ लागल्या त्या अलीकडे, आणि त्या गाड्यांमागोमाग नारळ आला.

आमचं गाव देवरूखपासून बरंच आत, डोंगराच्या कुशीत आहे. मी देवरूखला एका शाळेच्या कार्यालयात कारकून आहे. लग्न झालं नाही, करायचं राहून गेलं म्हणा. त्यामुळे आईजवळच राहिले. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. वडील गेल्यावर घरात आम्ही दोघीच. दादा, माझा थोरला भाऊ, मुंबईत. तिथे आमच्या वाडीचं मंडळ आहे, त्यात तो पुढे असतो. गावात काय व्हायचं ते आधी तिथे मुंबईच्या खोलीत ठरतं आणि मग फोनवरून आमच्याकडे येतं.

आईबद्दल आधी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं कळायचं नाही. तिच्याइतकी देवीची भक्त आमच्या वाडीत दुसरी नव्हती. शुक्रवारी ती अनवाणी देवळात जायची. नवरात्रात नऊ दिवस नुसत्या दुधावर राहायची. घरात काही चांगलं झालं की आधी देवीला सांगायची, मग आम्हाला. मी मुलगी म्हणून हे म्हणत नाही. गावकार, म्हणजे गावकीचे प्रमुख, तेही सभेत म्हणायचे की अशी भक्ती पाहिजे. हे अर्थात त्या निवडणुकीच्या आधीचं.

निवडणूक पंचायत समितीची होती आणि आमचा गण, म्हणजे मतदारसंघ, महिलांसाठी राखीव झाला होता. एका पक्षाने उभी केली एका ठेकेदाराची बायको. तिला आमच्या गावात कुणी कधी पाहिलं नव्हतं. बॅनरवर तिच्या फोटोपेक्षा नवऱ्याचा फोटो मोठा होता. दुसऱ्या पक्षाने उभं केलं आमच्या नर्सबाईंना.

नर्सबाई नदीपलीकडच्या मोहल्ल्यातल्या. सगळी नोकरी त्यांनी आमच्याच भागातल्या उपकेंद्रात काढली आणि तिथूनच निवृत्त झाल्या. खांद्याला लशींची पेटी लावून त्या पायवाटेने वाडी-वाडी फिरायच्या, पावसात साडी गुडघ्यापर्यंत खोचून. त्यांचं नाव वाडीत कुणी घेत नसे, नुसतं बाई म्हणत. बाई आल्या म्हटलं की पोरं माजघरात लपायची. मी त्यांच्याच हातावर जन्मले. दादा तर पायाळू. आईची पहिली खेप, मूल उलटं, आणि नदीला पूर आलेला, म्हणजे रत्नागिरीला न्यायची सोय नाही. बाई आईच्या उशाशी बसून राहिल्या आणि दोघांनाही त्यांनी वाचवलं. आई सांगायची, त्या वेळी मी देवीला हाका मारत होते आणि बाई त्यांच्या अल्लाला, कुणी ऐकलं ते मला ठाऊक नाही, पोरगा रडला एवढं खरं.

पुढे वडील गेल्यानंतर आईच्या अंगावरून रक्त जाणं थांबेना. मला सांगायला तिला लाज वाटत होती. बाईंनी नुसता तिचा चेहरा बघून ओळखलं. तिला सरकारी दवाखान्यात घेऊन त्या स्वतः रत्नागिरीला गेल्या आणि पिशवीचं ऑपरेशन होऊन टाके काढेपर्यंत तिच्याजवळ राहिल्या. मला रजा मिळेल तशी मी जायचे. बाईंची तेव्हा स्वतःची नोकरी होती, घर होतं.

म्हणून त्या उभ्या राहिल्या असं कळलं तेव्हा आमच्या घरात त्यावर चर्चा करण्यासारखं काही नव्हतं. आई म्हणाली, बरं झालं, आता उपकेंद्राला डॉक्टर तरी मिळेल. वाडीतल्या बायकाही तेच म्हणत होत्या. पाण्यावर, दुकानात, गाडीच्या थांब्यावर, सगळीकडे बाईंचंच नाव. ठेकेदाराच्या बायकोला आमच्याकडे चार मतं पडतील की नाही अशी स्थिती होती. हे मला चांगलं आठवतं, कारण पुढे हीच माणसं मला सांगायला लागली की तसं कधी नव्हतंच.

आधी मोबाईलवर यायला लागलं. दादानेच मला पाठवलं. त्यात लिहिलं होतं की नदीपलीकडची बाई निवडून आली तर शिमग्याचा ढोल बंद होईल, देवळाच्या सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्याच्या जागेवर, हक्क सांगतील, पालखीला पलीकडून जायला वाट देणार नाहीत. खाली भगवा झेंडा आणि हात जोडलेले. मी दादाला फोन लावला. म्हटलं, तुला माहीत आहे ना ही बाई कोण? पालखी मोहल्ल्याच्या कडेला पिराजवळ थांबते आणि तिथे त्यांचा माणूस नारळ देतो, हे तू लहानपणापासून बघतोस ना?

दादा चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. समजूत घालावी तसा शांतपणे म्हणाला, “बाई चांगली आहे गं. मला का माहीत नाही? प्रश्न बाईचा नाही.”

मग प्रश्न कशाचा ते मी विचारलं. त्यावर तो बराच वेळ बोलला. देश, धर्म, आपण एक नाही म्हणून आपली ही गत, वगैरे. ते शब्द त्याचे नव्हते. मला सारखं वाटत होतं की कुणीतरी दुसराच माणूस माझ्या भावाच्या आवाजात बोलतो आहे. शेवटी त्याने जे सांगितलं ते मात्र त्याचंच होतं. मंडळाचं बोलणं झालं होतं. तो पक्ष देवळाला सभामंडप बांधून देणार होता.

मतदानाआधीच्या रविवारी मुंबईच्या गाड्या आल्या. दादा आला. देवळात गावकी बसली. बायकांना गावकीत जागा नसते, आम्ही बाहेर पायऱ्यांखाली उभ्या. ठेकेदार आला होता. त्याने देवीला साडी नेसवली, दंडवत घातला आणि सभामंडपाबद्दल बोलला. आपल्या बायकोबद्दल एक शब्दही बोलला नाही. उपकेंद्र, रस्ता, पाणी, काही नाही. तो म्हणाला, देवीचं काम आहे, देवीच्या माणसाला मत द्यायचं की दुसऱ्याला, हे देवीच्या समोरच ठरवा. मग गुरवाने गाऱ्हाणं घातलं. जो शब्द मोडील त्याचं काय ते तू बघून घे, असं त्या गाऱ्हाण्यात होतं, आणि सगळे पुरुष होय महाराजा म्हणाले.

एकेक जण उठून हात ठेवू लागला. यातल्या कितीतरी जणांनी मला आठवड्यापूर्वी सांगितलं होतं की मत बाईंनाच. कुणी ठेकेदाराकडे पाहत नव्हतं, कुणी एकमेकांकडेही पाहत नव्हतं. आमच्या घराचं नाव पुकारलं तेव्हा दादा उठला. त्याचा हात नारळावर टेकला आणि माझ्या शेजारची आई पायरी चढून देवळाच्या दारात गेली.

मी तिला धरायला गेले, पण ती गेली होती. गावकीच्या सभेत बाईने बोलायचं नसतं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गावकारांना म्हणाली, “भावजी, पोराने हात ठेवलान तो त्याचा. माजा हात माज्याजवळ हाय. मी बाईला शब्द दिलाय.”

गावकार म्हणाले, “वयनी, घर एक, हात एक.”

“घर एक हाय. माणसं तीन हायत, तिगांची मतं तीन हायत. आणि देवीला कशाला मधी घेताव? ती काय कुणाच्या पक्षात हाय?”

कुणीतरी मागून हसलं. गावकारांनी त्याच्याकडे पाहिलं तसं ते हसू थांबलं. दादा खाली मान घालून उभा होता. त्याचा हात अजून नारळावरच होता, उचलायचं सुचलं नसावं. गावकारांनी पुढच्या घराचं नाव घेतलं, आणि आई पायऱ्या उतरून माझ्याजवळ आली.  मला म्हणाली, चल बाय, भात टाकायचाय.

घरी दादा आईशी बोलला नाही. माझ्याशी बोलला. मंडळात त्याने कसं तोंड दाखवायचं, सगळे त्याला काय म्हणतील. आईने त्याला जेवायला वाढलं. त्याच्या आवडीची सुक्या जवळ्याची चटणी केली होती. तो जेवला.

मतदान झालं. आई सकाळी आंघोळ करून, देवीला दिवा लावून, कुणाशी न बोलता जाऊन मत देऊन आली. रांगेत एका बाईने विचारलं तेव्हा तिने सरळ सांगितलं की कुणाला देणार. खोटं बोलायचं तिला कधी जमलंच नाही. बाई पडल्या. फार मतांनी नाही, पण आमच्या गावाने दिली असती तर त्या आल्या असत्या, हे सगळ्यांना कळत होतं. आमच्या केंद्रावर त्यांना पडलेली मतं इतकी थोडी होती की ती कुणाकुणाची हे बोटांवर मोजता येत होतं, आणि लोकांनी मोजली.

पंधरवडा कुणी काही बोललं नाही. मग गावकारांचा मुलगा मोटारसायकलवरून घाटात पडला आणि त्याचा पाय मोडला. वळण अरुंद होतं, तो दारू प्यायलेला होता, हेही सगळ्यांना माहीत होतं. पण देवळात कौल लावला. देवीच्या अंगाला कळ्या लावतात आणि उजवी पडली की होय, डावी पडली की नाही. गुरवाने विचारलं, शब्द मोडला म्हणून तू रुसलीस का? उजवी पडली. मग घरांची नावं घेत गेले. आमच्या घराचं नाव घेतलं तेव्हा उजवी पडली.

आम्हाला निरोप आला तो असा: आमच्या घराने देवीसमोर नारळ ठेवून चूक कबूल करायची, तोपर्यंत शिमग्याला पालखी आमचं घर घेणार नाही.

बाहेरच्या माणसाला हे लहान वाटेल. आमच्याकडे शिमग्याला देवी पालखीत बसून प्रत्येक घरी येते. वर्षभर आम्ही तिच्याकडे जातो, त्या एका दिवशी ती आमच्याकडे येते. अंगणात पालखी नाचवतात, मग ओटीवर टेकवतात, घरची बाई तिची खणानारळाने ओटी भरते, तिला घरातलं सगळं सांगते. गेलेल्या माणसांचं, आजारपणाचं, लग्नाचं. त्या एका दिवसासाठी मुंबईहून नोकरी सोडून आलेली माणसं मी पाहिली आहेत. ज्या घरावरून पालखी पुढे जाते ते घर देवीचं राहत नाही.

वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे हे मला ठाऊक होतं. देवरूखला एका वकिलांना भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला. मग म्हणाले, पालखी घरी आणलीच पाहिजे असं कुठल्या कलमात बसवायचं, आणि थोड्या वेळाने म्हणाले, मीही माझ्या गावच्या गावकीत आहे हो. त्यांनी फी घेतली नाही. मी आईला सांगितलं की दुसरा वकील बघते. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “देवीवर केस घालतंस?”

मला त्या वेळी तिचा फार राग आला. देवळाच्या दारात उभी राहून बोललेली बाई ही नव्हे असं वाटलं. आता वाटतं, तीच होती. देवीला मतदानात ओढू नका म्हणणारी बाई देवीला कोर्टात कशी नेईल?

शिमगा आला. आईला मनातून खात्री होती की पालखी येणार. माणसं काहीही ठरवोत, देवी खांद्यावरून वळेल, असं ती मला म्हणाली. पालखी खांद्यावर घेतली की ती स्वतः वाट दाखवते, नेणाऱ्याला ओढते, असं आमच्याकडे मानतात. आईने अंगण सारवलं, रांगोळी काढली, पाट मांडला. सुपात तांदूळ, खण, नारळ, हळदकुंकू. नवीन साडी नेसली. दादा आला नव्हता. मंडळातल्या लोकांसमोर रिकाम्या अंगणात उभं राहायची त्याला लाज वाटली असणार.

दुपारी ढोल ऐकू आला. वरच्या वाडीतून पालखी उतरली, एकेक घर घेत आमच्या शेजारच्या घरी आली. तिथे बराच वेळ नाचवली. आमच्या अंगणातून सगळं दिसत होतं, देवीचा रुप्याचा मुखवटासुद्धा. मग पालखी निघाली आणि आमच्या घराकडे वळायची वाट जिथे फुटते तिथे आली. तिथे ती थांबली. खांदेकरी एकमेकांकडे बघत होते. त्यातला एक माझ्याबरोबर शाळेत होता. ढोल वाजायचा थांबला. मला वाटलं, आई म्हणते ते खरं होतंय. आईलाही वाटलं असणार, कारण ती दिवा हातात घेऊन पायरीवरून एक पाऊल खाली उतरली.

गावकार पुढे झाले आणि त्यांनी हाताने खालची वाट दाखवली. ढोल पुन्हा सुरू झाला. पालखी खाली गेली.

आईने दिव्यासह जागेवरूनच नमस्कार केला. पालखी झाडीआड जाईपर्यंत ती तशीच उभी होती. मग आत येऊन तिने ओटीचं सामान घरातल्या देवांपुढे ठेवलं आणि साडी बदलली. मला म्हणाली, “वळली नाय गो.” एवढंच. ती माणसांबद्दल म्हणाली नाही. देवीबद्दल म्हणाली. मला तेव्हापासून त्या देवळात हात जोडायला जमलेलं नाही.

त्याच वर्षी पालखी पिरापाशीही थांबली नाही. मोहल्ल्यातला म्हातारा नारळ घेऊन उभा होता म्हणे.

शिमगा उलटल्यावर आम्ही दोघी बाईंकडे गेलो. निवडणुकीनंतर त्या आमच्याकडे आल्या नव्हत्या, आणि आईला वाटत होतं की आपल्या गावाने मतं दिली नाहीत म्हणून त्या रागावल्या. त्या रागावल्या नव्हत्या, पण खूप थकल्यासारख्या दिसत होत्या. त्यांनी आम्हाला आत बसवलं, सरबत दिलं. पालखीचं त्यांना कळलं होतं. आईने त्यांना म्हटलं की तुम्हाला तुमच्या माणसांनी तरी भरभरून दिली. तशा बाई हसल्या.

“वयनी, मी उभी राहायचं म्हटलं तेव्हा आमच्यातलेच म्हणाले, बाईमाणसाने स्टेजवर कशाला चढायचं. मग तुमच्या देवळात नारळ ठेवला असं कळलं, तेव्हा हेच लोक घरोघर सांगत फिरले, आपली आहे, हिलाच द्या. इकडे मला आपली म्हणून मतं पडली. तुमच्याकडे परकी म्हणून पडली नाहीत. मी तुमच्या-आमच्या पोरांना जन्माला घातलं, हे दोन्हीकडे कुणी मोजलंच नाही.”

थोड्या वेळाने त्या आईला म्हणाल्या, “तुम्ही नारळ ठेवून टाका. माझ्यासाठी देवीला दुरावू नका.”

 परत येताना आई साकवावर, नदीवरच्या छोट्या पुलावर, मध्येच थांबली आणि नदीकडे बघत राहिली. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाली, पाणी कमी झालंय या वर्षी.

बाईंचा मुलगा रत्नागिरी शहरात असतो. पावसाळ्याआधी त्या घर बंद करून त्याच्याकडे गेल्या.

गणपतीला दादा आला. गावकीशी त्याने सगळं आधीच बोलून ठेवलं होतं, आईने नारळ ठेवून चूक कबूल करायची. मी म्हटलं, आई काहीही कबूल करणार नाही, तिने काहीही केलेलं नाही. दादा म्हणाला, तुला काय, तू उद्या देवरूखला जाऊन राहशील, मला गावात घर आहे, माझ्या पोरांचं जावळ, लग्न, सगळं याच देवीसमोर व्हायचं आहे. मग एकदम त्याचा आवाज फुटला. म्हणाला, तुला वाटतं मला आवडतं? मी लहानपणी त्या बाईच्या मांडीवर खेळलोय. मी म्हटलं, तरी? तर म्हणाला, “तरी.” आणि बाहेर गेला. त्याच्यावर मी आजही रागावलेली आहे, पण तो एक शब्द त्याचा स्वतःचा होता, हेही खरं.

आम्ही दोघं भांडत असताना आई आत होती. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सोललेला नारळ होता. म्हणाली, चला, उगाच तोंडं वाजवू नका सणाच्या दिवसांत.

देवळात गावकी बसलेली होती. सभामंडपाचे खांब उभे राहिले होते, वर पत्रा यायचा होता. आईला आत बोलावलं. मी पायऱ्यांवर होते, पण सगळं ऐकू येत होतं. तिने देवीपुढे नारळ ठेवला. गावकार म्हणाले, बोला वयनी.

आई म्हणाली, “माजी चूक झाली असेल तर आई, तूच बघ.”

“तसा नाय. चूक झाली, असा म्हणा.”

आईने नारळ जरा सारखा करून ठेवला. कुणी खोकलं. दादा तिच्या मागे उभा होता. त्याने हळूच तिच्या पाठीला हात लावला, ढकलल्यासारखा नाही, पण लावला.

“चूक झाली,” आई म्हणाली.

गुरवाने कौल लावला. उजवी पडली. सगळ्यांना गूळखोबरं वाटलं. मला कुणीतरी पायरीवर आणून दिलं, ते मी हातात धरून राहिले आणि वाटेत गुरांपुढे टाकलं.

पुढच्या शिमग्याला पालखी आली. अंगणात खूप नाचवली, नेहमीपेक्षा जास्तच. दादा खांद्याला होता, घामाने निथळत होता, रडतही होता. आईने ओटी भरली. एरवी ती देवीच्या कानाशी लागून कितीतरी वेळ पुटपुटत बसायची, तेव्हा खांदेकऱ्यांना म्हणावं लागायचं की आवरा आता, पुढची घरं आहेत. त्या दिवशी तिने कुंकू लावलं, तांदूळ घातले, नमस्कार केला आणि उठली. कुणाला घाई करावी लागली नाही. पालखी अंगणात असतानाच ती स्वयंपाकघरात जाऊन पुरण हलवत बसली.

नवस ती अजूनही फेडते, शुक्रवारी देवळातही जाते. पण घरात काही झालं तर देवीला आधी सांगायचं तिने सोडलं आहे. कुणालाच सांगत नाही.

त्यानंतर आणखी एक निवडणूक झाली, या वेळी मोठी. मला वाटलं होतं की आता दुसरा पक्ष तरी देवळाबाहेर बोलेल. त्यांचा उमेदवार आला तो देवळात आधी आला, मग चौकात. त्याने देवीला चांदीचा मुकुट देऊ केला. त्याचे कार्यकर्ते सांगत होते की तेच खरे देवीवाले, दुसऱ्यांनी सभामंडपाचा पत्रा हलका घातला. गावकीत त्यावरून वाद झाला, दोन तट पडले, पण तंटा होता तो देवी कुणाची याचा. उपकेंद्रात बाईंच्या जागी अजून कायमची नर्स आलेली नाही. आता बाळंतीण देवरूखला न्यायची, किंवा तिथून पुढे पाठवतील तिथे. गेल्या वर्षी वरच्या वाडीतली एक सून जीपमध्येच बाळंत झाली आणि मूल गेलं. तेव्हा कौल लावावा असं कुणाच्या मनात आलं नाही.

मोहल्ल्यात काय ठरलं ते मला कळलं नाही, पण तिकडेही ठरलंच असेल. बौद्धवाडीतली एक बाई माझ्याबरोबर कार्यालयात काम करते. तिला विचारलं तर म्हणाली, आम्हाला नारळावर हात ठेवायला बोलवत नाहीत, आम्हाला विहारातल्या फोटोसमोर उभं करतात. एवढं बोलून तिने समोरची फाईल उघडली.

मतदानाच्या दिवशी दादा गाडीबरोबर आला. आता तो पक्षात काहीतरी आहे, गळ्यात पट्टा असतो. आईला त्याने आपल्या हाताने धरून शाळेत नेलं, तिचे गुडघे दुखतात म्हणून. मी कार्यालयातून दुपारी घरी आले तेव्हा ती पडवीत सुपारी कातरत बसली होती. बोटाला शाई होती. मी काही विचारलं नव्हतं. तीच म्हणाली, “त्याने सांगितलान तितंच दिलं.”

मी म्हटलं, बरं.

“आता पालखी अडवायचं कुणाला काही कारण नाय,” ती म्हणाली आणि सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

उन्हं उतरल्यावर मी गेले आणि माझं मत देऊन आले. दारातल्या खुर्च्यांवर दोन्ही पक्षांची माणसं होती. दोघांच्याही कपाळाला देवीचं कुंकू. त्यांनी मला ताई म्हणून हसून नमस्कार केला. मी आमच्या घरातली, म्हणजे माझं मत कुणाला ते त्यांनी आधीच धरलेलं होतं. कुणाला दिलं ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. आईलाही नाही, आणि तिने विचारलंही नाही.